काकांच्या गाडीची एरियल

खूप दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी दोघा-तिघांनी मेलवर विचारलं, की ब्लॉग बंद केलास का रे बाबा? बंद नाही केला. हात ग्रीसने माखलेले होते, आणि हे अगदी शब्दशः घ्या. गेले पाच शनिवार मी एका चाळीस वर्षं जुन्या गाडीच्या मडगार्डात डोकं घालून काढले. त्या निमित्ताने थोडं वाचन झालं, बरंच काही नव्याने कळलं, म्हणून हे लिहून ठेवतोय. ज्यांना गाड्यांमध्ये रस नाही त्यांनीही वाचून बघा, फार पानेबिने नाहीत यात.

झालं असं, की काकूचा फोन आला. घरच्या मंडळींना ही काकू कोण ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: माझे धाकटे काका मूळचे वेंगुर्ल्याचे. मुंबईत इंजिनिअर होऊन १९६९ साली अमेरिकेत आले आणि शेवटपर्यंत डेट्रॉईटच्या पश्चिमेला एकाच घरात राहिले. दोन वर्षांपूर्वी गेले. काकू आता ८१ वर्षांची आहे. मी तिच्यापासून पाऊण तासावर राहतो आणि दादा, म्हणजे तिचा मुलगा, सिएटलला.

"दादा गाडी विकू या म्हणतोय," काकू म्हणाली. "विक म्हटलं. मी काही ती चालवत नाही. पण त्याआधी एवढं कर, तिचा आवाज बंद पडलाय तो नीट करून दे. एकदा ऐकू दे, मग खुशाल विका."

गाडी म्हणजे १९८४ सालची ओल्ड्समोबिल नाइंटी-एट. लांबलचक, चौकोनी, आत मखमली सोफे. ओल्ड्समोबिल ही लान्सिंगची कंपनी, १८९७ साली सुरू झालेली आणि २००४ साली मिटलेली, त्यामुळे नव्या पिढीला नावही ठाऊक नसेल. काकांनी ती नवी कोरी घेतली होती, आणि आमच्या घराण्यात नवी कोरी मोटार घेणारे ते पहिलेच. वेंगुर्ल्याला फोटो पाठवला होता. आजोबांनी तो देवघराशेजारी लावला होता, हे मला लख्ख आठवतंय.

आवाज म्हणजे रेडिओ, हे मी गृहीत धरलं. काका आणि त्या गाडीतला रेडिओ हे समीकरणच होतं ना! गेल्यावर किल्ली फिरवून रेडिओ लावला. दिवा लागला, आकडे उमटले. एफएमवर दोन स्टेशनं खोकत खोकत लागली. एएमवर नुसती खरखर. आणि उजव्या मडगार्डातून वर यायची ती एरियल काही वर आली नाही. कुठेतरी आत 'टक' झालं आणि गप्प.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. भारतात आपल्या फियाट-अँबॅसेडरवर असायची ती हाताने ओढून लांब करायची एरियल. (आणि शाळकरी पोरांनी जाता-येता वाकवून ठेवायची. मीही वाकवल्यात.) काकांच्या गाडीची मात्र विजेवर चालणारी. रेडिओ लावला की मडगार्डातल्या छोट्या भोकातून एकात एक बसणाऱ्या नळ्या आपोआप वर येतात, बंद केला की पुन्हा आत. आत एक मोटर असते आणि नायलॉनची एक कडक दोरी, बांबूच्या कामट्यासारखी वाकणारी. दोरीचं वरचं टोक सगळ्यात बारीक नळीला जोडलेलं, खालचा भाग मोटरजवळच्या डबीत गुंडाळलेला. मोटर दोरी ढकलते, दोरी नळ्या ढकलते. एवढंच.

एवढंच, पण माणूस इथवर आला कसा, हे बघायला गेलो तर मजेदार निघालं.

मोटारीत रेडिओ बसवायची धडपड १९२० च्या दशकात सुरू झाली. अडचणी ढीगभर. रेडिओ व्हॉल्व्हचा, त्याला वेगळ्या बॅटऱ्या लागत, इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर ऐकू येई ती वेगळीच. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्व्हिनने आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि गाडी चालवत थेट अटलांटिक सिटीला नेली. तिथे रेडिओ बनवणाऱ्यांचं अधिवेशन होतं. आत जागा नव्हती म्हणून बाहेर गाडी उभी करून लोकांना ऐकवला. त्या रेडिओला त्याने नाव दिलं मोटोरोला, आणि ते पुढे कंपनीचंच नाव झालं. किंमत ११० ते १३० डॉलर. त्या काळी फोर्डची बरी गाडी साडेपाचशेच्या आसपास मिळत होती. म्हणजे आजच्या हिशेबाने रेडिओसाठी पाव गाडी! युरोपात त्याहून वाईट. ब्लाउपुंक्टने १९३२ साली काढलेला रेडिओ गाडीच्या जवळजवळ एक तृतीयांश किमतीचा होता. आणि गाडीत गाणी ऐकली तर चालकाचं लक्ष उडेल, म्हणून अमेरिकेत काही ठिकाणी रेडिओवर बंदीच घालावी अशी चर्चाही तेव्हा चालली होती. मोबाइलची आठवण झाली की नाही?

पण मला खरी गंमत वाटली ती एरियलची. त्या पहिल्या गाड्यांना बाहेर एरियल नसायचीच. ती असायची छतात. तेव्हाच्या बंद गाड्यांचं छप्पर लोखंडी नसे. लाकडी पट्ट्या, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तसली तारेची जाळी, त्यावर कापूस आणि वरून मेणकापड. एवढा रुंद सलग पत्रा गिरण्यांमधून निघतच नव्हता. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की अरे, आयती तारेची जाळी डोक्यावर आहे! तिला एक वायर जोडा, की झाली एरियल.

हे वाचलं आणि मला एकदम वेंगुर्ल्याचं माजघर दिसलं. आठवतेय का ती तांब्याच्या तारेची विणलेली पट्टी? या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली, दोन टोकांना चिनीमातीच्या गुटक्या, मधून एक वायर खाली रेडिओला. तिच्यावर कोळिष्टकं धरायची आणि आजी दर दिवाळीला ती झाडणीने झटकायला गेली की आजोबा ओरडायचे. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला त्याच पट्टीतून यायची. रेडिओचं लायसन पोस्टात जाऊन भरायचं, ते पुस्तक आजोबा घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवायचे. काका त्याच रेडिओखाली झोपायचे म्हणे. म्हणजे १९२० च्या दशकातल्या अमेरिकन गाडीच्या छतात जे होतं तेच आमच्या माजघरात चाळीस वर्षांनी होतं. एकाला कापड झाकायला होतं आणि दुसऱ्याला कोळिष्टकं, एवढाच फरक.

असो. गाडीकडे येऊ.

१९३५ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने अखंड पोलादी छप्पर आणलं. आता रुंद पत्रा मिळायला लागला होता. छप्पर गळायचं थांबलं, गाडी उलटली तर माणूस वाचायची शक्यता वाढली, पण रेडिओ मुका झाला. लोखंडी डब्यात बसून बाहेरच्या लहरी कशा मिळणार? मग एरियलची भटकंती सुरू झाली. गाडीत चढायला बाजूला पायरीची फळी असे, तिच्याखाली तारा लावून बघितल्या. तिथे चिखल आणि दगड. शेवटी ती काठी होऊन बाहेर आली, काचेच्या बाजूला किंवा मडगार्डावर उभी राहिली. रेडिओच्या दृष्टीने ही उत्तम जागा. उंच, मोकळी, आणि खाली मडगार्डाच्या पत्र्याचं अर्थिंग. काही बिघडायला त्यात हलणारा भागच नाही.

मग बिघडवली कशाला? तर ती दिसायची म्हणून. गाड्या मोठ्या आणि चकचकीत होत गेल्या तशी ती काठी डोळ्यांत खुपायला लागली. गाडी धुवायच्या यंत्रात मोडायची. पोरं मोडायची. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या टोळ्यांतली पोरं तर गाड्यांच्या एरियली तोडून त्यांच्या नळ्यांपासून गावठी पिस्तुलं बनवत. म्हणून ती आत ओढून घ्यायची सोय आली. १९४० च्या सुमारास काही महागड्या गाड्यांत इंजिनाच्या हवा ओढण्याच्या जोरावर वर-खाली होणारी एरियल होती, पुढे १९५० च्या दशकात विजेची आली. बडेजाव म्हणजे तरी काय, तर जी वस्तू काम करते ती कुणाला दिसू न देणं. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, नोकरांचा जिना वेगळा, आणि एरियल मडगार्डात. साधी गाडी घेणाऱ्याची काठी चोवीस तास उभी. बड्या गाडीची काठी हवी तेव्हाच हजर आणि मग अदृश्य.

आता या लपवण्यातच तिचा नाश होता, हे मला परवा मडगार्ड उघडल्यावर कळलं. ते सांगण्यापूर्वी मिठाबद्दल सांगतो.

डेट्रॉईटला हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, हे इथल्यांना माहीत आहे. बर्फ वितळावा म्हणून. पण हे मीठ येतं कुठून? खुद्द डेट्रॉईटच्या पोटातून! शहराच्या खाली सुमारे १,२०० फुटांवर मिठाची खाण आहे. चाळीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटला आणि त्याचं मीठ थराथराने खाली राहिलं. १९१० च्या सुमारास ते खणायला सुरुवात झाली. खाली ट्रक फिरतील एवढे रुंद रस्ते आहेत म्हणे. म्हणजे बघा, वर कारखान्यांत गाड्या तयार होतात आणि बरोबर त्यांच्या पायाखालून त्यांना खाणारं मीठ निघतं. काका हे पाहुण्यांना रंगवून सांगायचे. "वेंगुर्ल्याला खिडक्यांचे गज खारा वारा खायचा. आठ हजार मैल लांब आलो, समुद्राचं तोंडही दिसत नाही, पण मीठ काही पाठ सोडत नाही रे!"

तर पहिल्या शनिवारी उजवं चाक काढलं, चाकाच्या वरचं आतलं प्लॅस्टिकचं कवच सोडवायला घेतलं. दहा-बारा स्क्रू, त्यातले चार डोक्यापासून तुटले. कवच खाली आलं आणि त्याच्याबरोबर माझ्या तोंडावर बादलीभर माती. चाळीस हिवाळ्यांची. मेपलच्या पानांचा लगदा, वाळू, मीठ. एरियलची नळी जिथे संपते तिथे पाणी बाहेर जायला एक छोटं भोक असतं. ते कुठे आहे हे सापडायलाच अर्धा तास लागला, इतकं ते बुजलं होतं. पाऊस पडतो, बर्फ वितळतो, ते पाणी काठीच्या कडेने आत उतरतं. हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतंच, म्हणून तर भोक. पण भोक बुजलं की नळी म्हणजे खाऱ्या पाण्याचा पेला, आणि त्यात मोटर बुडालेली.

यात दोष कुणाचा म्हणाल, तर आमचाच. ते भोक वर्षातून एकदा तारेने मोकळं करायचं असतं. काका शेवटची पाच-सहा वर्षं वाकू शकत नव्हते. मी दर पंधरा दिवसांनी जायचो, चहा प्यायचो, गाडी छान राखलीत म्हणायचो आणि परत यायचो. बॉनेट एकदाही उघडलं नाही.

वरचा नट निघेना. लोखंडी मडगार्ड, पितळी नट, जस्ताच्या ओतकामाची डबी, आणि मध्ये खारं पाणी. शाळेत आपण लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून वीज केली होती ना, तोच प्रयोग इथे चाळीस वर्षं बिनबोभाट चालला होता. वेगवेगळे धातू, खारं पाणी, की एक धातू दुसऱ्यासाठी झिजत जातो. जस्ताचा पांढरा भुगा झाला होता. नळ्यांचं क्रोम जिथे उडालं होतं तिथे पितळेवर हिरवा कळंक, कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी राहिली तर चढतो तसा. गंज सैल करायचं तेल सोडून ठेवलं, आठवडाभर थांबलो. दुसऱ्या शनिवारी गरम हवेच्या यंत्राने शेकलं, पाना लावला, आणि करकरत निघाला. त्या आवाजाने काकू बाहेर आली. "मोडलंस काय रे?" नाही म्हटलं, सुटला.

दादाचा तेव्हा फोन आला होता. त्याचं म्हणणं अगदी व्यवहाराचं. "साधी उभी काठी बसव. पंधरा मिनिटांचं काम. घेणाऱ्याला काय पडलंय?" खरंच होतं ते. शिवाय रेडिओ त्या काठीवर जास्त चांगला वाजला असता. मला पटलंही होतं. पण सगळं सुटून हातात आलंच होतं, आणि मला ते आता असंच टाकवेना. घरी घेऊन आलो.

रेडिओ का वाजत नव्हता, त्याचं कारण मल्टिमीटरने दाखवलं, आणि ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. एफएमच्या लहरी साधारण तीन मीटर लांब. एरियलला त्याचा पाव भाग पुरतो, म्हणजे पाऊण मीटर. काकांच्या एरियलची लांबी मोजली, बरोबर तेवढीच भरली. उगाच नव्हे. पण एएमची गोष्ट वेगळी. काका ऐकायचे ते स्टेशन ७६० किलोहर्ट्झवर. त्याची लहर ३९४ मीटर लांब. पाव भाग म्हणजे ९९ मीटर! तेवढी काठी कुठली गाडीवर लावायला. म्हणून एएमसाठी ही एरियल म्हणजे समुद्रातून चमच्याने पाणी काढणं. जो काही थेंबभर विद्युतदाब मिळतो तो रेडिओपर्यंत न सांडता पोचला पाहिजे. काठी आणि तिच्या बाहेरची नळी यांच्यामध्ये प्लॅस्टिकची बाही असते, ती याचसाठी. तिच्या आरपार वीज अजिबात जाता कामा नये. इथे त्या बाहीवर ओला खारा चिखल बसलेला, आणि मीटर सरळ गळती दाखवत होता. एफएम कसंबसं तग धरून होतं, एएमचा थेंब मात्र वाटेतच मडगार्डात मुरत होता.

मोटर उघडली तर आत गंजाची पूड, ग्रीसचं डांबर झालेलं. रॉकेल, टूथब्रश, पुसणं, पुन्हा रॉकेल. कार्बनचे ब्रश अजून बरे होते. नळ्या अगदी बारीक स्टील वूलने घासल्या. पॉलिश पेपर लावायचा मोह आवरावा, उरलंसुरलं क्रोम जातं. एक नळी किंचित वाकली होती ती लाकडाच्या दोन ठोकळ्यांमध्ये धरून सरळ केली. आणि काठीवर ग्रीस मुळीच लावू नये. ग्रीसला धूळ चिकटते आणि दर खेपेला आत जाते. तेलाचं फडकं ओझरतं फिरवायचं, बस्स. काकांनी कधीतरी ग्रीस लावलं होतं. इंजिनिअर माणूस, पण ग्रीसवर भारी श्रद्धा! मडगार्डाच्या आतून, जिथे एरियलची कड बसते तिथे, रंग आणि गंज खरवडून पत्रा उघडा केला, म्हणजे अर्थिंग नीट लागेल. नायलॉनची दोरी तेवढी शाबूत निघाली. चाळीस वर्षांत नायलॉन ठिसूळ होऊन काडीसारखं मोडतं. मोडलं असतं तर नवी काठी शोधत बसावं लागलं असतं.

घरी टेबलावर बॅटरी जोडली. पहिल्या खेपेला काठी अर्धी येऊन अडली. तिसऱ्या खेपेला पूर्ण वर, पूर्ण खाली.

आता ७६० वर काका काय ऐकायचे, ते. डब्ल्यूजेआर हे डेट्रॉईटचं पन्नास हजार वॉटचं स्टेशन. रात्री एएमच्या लहरी आकाशातून परतून येतात, त्यामुळे ते कितीतरी राज्यांत ऐकू येतं. १९६४ पासून २००० पर्यंत टायगर्स या इथल्या बेसबॉल संघाच्या मॅचेस त्यावर लागायच्या, आणि त्यातली बरीच वर्षं त्या सांगायचा अर्नी हारवेल. १९६० साली डेट्रॉईटला आला, २००२ साली निवृत्त झाला. काका बेसबॉल शिकले ते या माणसाकडून, गाडीत बसून, एकही मॅच न बघता. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकून वाढलेला माणूस, त्याला डोळ्यांची गरज नव्हती. हारवेलची एक लकब होती. चेंडू प्रेक्षकांत गेला आणि कुणी झेलला, की तो बिनदिक्कत सांगायचा, हा झेल अमुक गावच्या माणसाने घेतला. रोज वेगळं गाव. तो माणूस कुठला, हे त्याला अर्थातच ठाऊक नसायचं. लहानपणी ऐकणाऱ्यांना वाटायचं, याला सगळ्यांची गावं पाठ आहेत. काकांनी पहिली दोन-तीन वर्षं ते खरं मानलं होतं, आणि मग कळल्यावर आणखी खूष झाले. आपलं गाव कधी येतंय याची वाट बघायचे. एकदा आलं. तेव्हा भर रस्त्यात हॉर्न वाजवला होता. आणि मग काकूला म्हणाले, "एकदा वेंगुर्ल्याच्या माणसाने घेतला म्हणायला पाहिजे त्याने."

१९८४ च्या उन्हाळ्यात ही गाडी घरी आली आणि टायगर्सने त्या वर्षी पहिल्या ४० पैकी ३५ मॅचेस जिंकल्या. काकांच्या मते या दोन घटनांचा संबंध होता. त्या ऑक्टोबरात संघ विश्वविजेता झाला. २०१० मध्ये हारवेल गेला, तेव्हा त्याचं पार्थिव स्टेडियममध्ये ठेवलं होतं आणि हजारो लोक रांगेत उभे होते. काका रांगेत होते. याच गाडीने गेले होते.

या एरियलचा वंश कसा संपला तेही सांगून टाकतो. जनरल मोटर्सने १९६९-७० च्या सुमारास पुढच्या काचेतच बारीक तार घालून बघितली. दिसायला सुरेख, ऐकायला बेताची, म्हणून काठी परत आली. पुढे मागच्या काचेत तारा आल्या, २००१ साली बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाडीवर शार्कच्या परासारखा उंचवटा आला आणि आता तो सगळ्यांच्या छतावर दिसतो. विजेच्या गाड्यांच्या मोटरींची खरखर एएममध्ये घुसते, म्हणून काही कंपन्यांनी एएमच काढून टाकायला सुरुवात केली. २०२३ मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये एएम ठेवायलाच हवं असं विधेयक मांडलं गेलं, फोर्डने काढायचा बेत त्याच वर्षी मागे घेतला. वादळात आणि पुरात एएमच पोचतं, हा त्यामागचा मुद्दा, आणि मला तो रास्त वाटतो. असो, हा वेगळ्या पोस्टचा विषय.

पाचव्या शनिवारी सगळं परत बसवलं. भोक मोकळं आहे ना हे वरून तांब्याभर पाणी ओतून बघितलं, खाली धार लागली. संध्याकाळचे सहा वाजले होते. काकूला हाक मारली. ती शाल गुंडाळून गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. किल्ली फिरवली, रेडिओ लावला. घर्रर्र करत काठी वर आली, एकेक नळी उलगडत, शेवटचं टोक गॅरेजच्या दिव्यात चमकलं. ७६० लावलं. टायगर्स आता तिथे नसतात, २००१ पासून दुसरीकडे गेले. कुणीतरी दोघं कसल्यातरी करांवर भांडत होते, पण शेजारी बसल्यासारखे स्पष्ट. मी विजयी मुद्रेने काकूकडे बघितलं.

"हो रे, छान," ती म्हणाली. "आता बंद कर."

"ऐक तरी थोडं. एवढी खटपट केली आवाजासाठी."

"तो नाही रे. तो कोण ऐकायचं, मला कुठे कळायचा तो बेसबॉल. बंद कर बघू."

मी बंद केला. घर्रर्र. काठी खाली सरकत गेली, एकात एक नळ्या बसत गेल्या, आणि शेवटी मडगार्डाच्या भोकात 'टक'.

काकू तशीच उभी होती. मग म्हणाली, "हा. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे बरोबर ऐकू यायचा. हे दारातून यायच्या आधी पाव मिनिट. मी गॅस लावायचे."

मी काही बोललो नाही. बोलायला सुचलंही नाही. हात पुसत होतो.

"अजून एकदा कर," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मी रेडिओ लावला, काठी पूर्ण वर येईपर्यंत थांबलो, आणि बंद केला.

आत गेलो तेव्हा चहाचं आधण चढलं होतं. दादाला अजून कळवलेलं नाही. त्याने हे वाचलं तर त्याला कळेलच.